ज्ञान ही मालमत्ता कीं ठेव? — एलीया लेवी याच्या चरित्रावरून एक विचार

ज्या मनुष्यास एखादी विद्या प्राप्त झाली, त्याची ती विद्या मालमत्ता होय किंवा ठेव होय? प्रश्न दिसण्यांत लहान आहे, परंतु नीतीच्या दृष्टीनें फार मोठा आहे. मालमत्ता असेल तर ती कोणास द्यावी व कोणास देऊं नये हें ठरविणें धन्याच्या मर्जीवर आहे. तो तिला कुलूप घालील, तरी त्यास कोणी दोष देणार नाहीं. परंतु ती ठेव असेल, तर ज्यानें ती ठेविली त्याच्या इच्छेप्रमाणें तिचा विनियोग झाला पाहिजे; आणि तिच्यावर बसून राहणारा मनुष्य केवळ कृपण नव्हे, तर विश्वासघातकी ठरतो. धन्याचा पैसा जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आमच्या वाचकांस पाठ आहे.

हा प्रश्न आपल्या देशांतील लोकांस परका नाहीं. शास्त्र हें थोड्यांचें वतन आहे, इतरांच्या कानीं तें पडूं नये, अशी समजूत येथें शतकानुशतकें चालत आली. वाचकांपैकीं पुष्कळांच्या पूर्वजांस पंतोजींच्या शाळेच्या ओट्यावर बसण्याची मोकळीक नव्हती. म्हणून "शास्त्र कोणी कोणास शिकवावें?" असें कोणी विचारिलें, तर तो आपल्या घरचाच प्रश्न आहे असें आम्ही मानतों.

ह्या प्रश्नास लागूनच दुसरा एक प्रश्न आहे. आपल्याच लोकांस न रुचणारें सत्य एखाद्यास दिसलें, तर त्यानें काय करावें? गप्प बसावें, लोकांस सोडून जावें, किंवा लोकांतच राहून तें बोलावें? हे दोन्ही प्रश्न ज्याच्या आयुष्यांत एकत्र आले, असा एक यहूदी गुरु चारपांचशें वर्षांपूर्वीं होऊन गेला. त्याचें नांव एलीया बेन आशेर हलेवी. यहूदी लोक त्यास एलीया बाहूर म्हणत, आणि ख्रिस्ती पंडित त्यास लेविता म्हणत. आज खेड्यांतील मंडळ्यांत जुना करार वाचला जातो, त्या कामांत ह्या मनुष्याचाही कांहीं हात आहे; म्हणून त्याची हकीकत येथें थोडक्यांत देतों.

एलीयाचा जन्म १४६९ सालीं जर्मनींत, न्यूरेंबर्ग शहराजवळील नॉयश्टाट ह्या गांवीं झाला. पुढें तो इटली देशांत गेला, आणि १५०४ च्या सुमारास पादुआ शहरांत इब्री भाषेचें व्याकरण शिकवूं लागला. मोशे किम्ही नांवाच्या जुन्या वैय्याकरणाच्या पुस्तकावर त्यानें टीका लिहिली. ती १५०८ सालीं छापली गेली, पण तिजवर त्याचें नांव नव्हतें. दुसऱ्यानेंच ती आपली म्हणून पुढें केली. पुढच्याच वर्षीं शत्रूंच्या फौजांनीं पादुआ लुटलें, आणि एलीयाजवळ जें कांहीं होतें तें सर्व गेलें.

कांहीं वर्षांनीं तो रोम शहरीं आला. तेथें एजिदियो दा वितेर्बो नांवाचा एक मोठा ख्रिस्ती पंडित होता. तो ऑगस्टीनच्या मठवासी संघाचा कित्येक वर्षें मुख्य होता. ज्या संघांत मार्टिन लूथर हा एक साधा साधु होता, तोच हा संघ. १५१७ सालीं पोपानें एजिदियोस कार्डिनल केलें. ह्या मनुष्यास इब्री भाषा शिकण्याची फार तळमळ होती. त्यानें एलीयास बायकामुलांसह आपल्या घरीं ठेवून घेतलें, त्यांच्या अन्नवस्त्राची सोय केली, आणि त्याच्यापाशीं तो शिष्य होऊन बसला. एलीयानें त्यास इब्री शिकवावी, व त्यानें एलीयास ग्रीक शिकवावी, असा हा व्यवहार दहा वर्षांहून अधिक काळ चालला. ज्या दिवसांत यहूदी मनुष्यास ख्रिस्ती लोकांच्या रस्त्यांतून निर्भयपणें चालणें कठीण होतें, त्या दिवसांत एक कार्डिनल व एक यहूदी एकाच छपराखालीं एकमेकांचे गुरु व एकमेकांचे शिष्य झाले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १५१८ सालीं एलीयानें आपलें मोठें व्याकरण प्रसिद्ध केलें, तें त्यानें ह्याच शिष्यास अर्पण केलें.

पण ह्याबद्दल त्याच्या स्वतःच्या लोकांत मोठा गवगवा झाला. कित्येक रब्बी त्याच्यावर रागावले. स्तोत्रसंहितेच्या १४७ व्या स्तोत्राच्या शेवटीं असें आहे कीं, देवानें आपले निर्णय इस्राएलास कळविले, इतर राष्ट्रांस कळविले नाहींत. ह्या वचनावरून रब्बींनीं असा नियम काढिला होता कीं, देवाचें नियमशास्त्र परराष्ट्रीयास शिकवूं नये. मग हा एलीया कार्डिनलच्या घरीं राहून काय करितो? हा बाटला तर नाहीं? अशी कुजबुज सुरू झाली.

ह्या रब्बींस आपण घाईनें दोष देऊं नये. त्यांची भीति पोकळ नव्हती. १४९२ सालीं स्पेन देशांतून सर्व यहूद्यांस हांकून दिलें होतें, आणि तें करणारे आपणांस ख्रिस्ती म्हणवीत होते. जो ख्रिस्ती आज इब्री शिकतो, तो उद्यां आमच्याच ग्रंथांतील वचनें काढून आमच्यावर फिर्याद करील, असें त्यांस वाटलें तर त्यांत नवल तें काय? घराच्या किल्ल्या परक्याच्या हातीं देऊं नयेत, इतकेंच त्यांचें म्हणणें होतें.

एलीयानें पुढें आपल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेंत ह्याचें उत्तर दिलें आहे. त्याचा आशय असा. मीं शिकविलें, हें मीं नाकारीत नाहीं. पण मी इब्रीच आहें, आकाश व पृथ्वी उत्पन्न करणाऱ्या देवास भिऊन चालतों, आणि ह्या कामांत मीं पाप केलें नाहीं. नोहाला दिलेल्या आज्ञा सर्व मानवजातीकरितां आहेत, आणि त्या परराष्ट्रीयांस शिकविण्यास आपल्या प्राचीन गुरूंची मोकळीक आहे. मग भाषा शिकविल्यावांचून त्या आज्ञा त्यांस समजणार कशा? शिवाय ज्या ख्रिस्ती लोकांस मीं किंवा माझ्या बांधवांनीं शिकविलें, ते सरळ मनाचे निघाले, आणि त्यांनीं इस्राएलाचें होईल तेवढें बरेंच केलें.

ह्या शेवटल्या म्हणण्यास त्या काळचाच एक मोठा दाखला आहे. जर्मनींत योहान रॉइखलिन नांवाचा ख्रिस्ती विद्वान यहूदी गुरूंपाशीं इब्री शिकला, आणि १५०६ सालीं त्यानें ख्रिस्ती लोकांकरितां इब्रीचें व्याकरण व कोश छापिला. थोड्याच वर्षांनीं, यहूद्यांचीं सर्व पुस्तकें जप्त करून जाळावीं, अशी खटपट कांहीं लोकांनीं बादशहाकडे चालविली. तेव्हां १५१० सालीं रॉइखलिन यानें लेखी मत दिलें कीं, न वाचलेलें पुस्तक जाळणें हा न्याय नव्हे. त्याबद्दल त्यास कित्येक वर्षें खटले सोसावे लागले. ज्यानें तीं पुस्तकें वाचिलीं होतीं, तोच त्यांच्याकरितां उभा राहिला. ज्यांनीं वाचिलीं नव्हतीं, ते काड्या घेऊन उभे होते.

१५२७ सालीं बादशहाच्या फौजेनें रोम शहर लुटलें. एलीयाचें घर दुसऱ्यांदां धुऊन निघालें. त्याच्या हस्तलिखितांचाही नाश झाला. उतारवयांत तो व्हेनिस शहरीं आला, आणि दानिएल बाँबर्ग ह्या ख्रिस्ती छापणाऱ्याच्या छापखान्यांत इब्री पुस्तकांचे खर्डे तपासण्याचें काम करूं लागला. तेथें फ्रान्सच्या राजाचा वकील जॉर्ज द सेल्व हा त्याचा शिष्य झाला. त्याच्या द्वारें राजा पहिला फ्रान्सिस यानें एलीयास पॅरिस येथें इब्रीचा अध्यापक होण्यास बोलाविलें. दोनदां लुटल्या गेलेल्या वृद्ध मनुष्यास ह्याहून मोठा मान व मोठी प्राप्ति ती कोणती? परंतु १३९४ पासून फ्रान्स देशांत यहूद्यांस राहण्याची मनाई होती. जेथें आपल्या बांधवांस जागा नाहीं, तेथें आपण एकट्यानें मानाची जागा घेणें त्यास प्रशस्त वाटलें नाहीं. त्यानें राजाचें बोलावणें नाकारिलें. त्यास परक्यांचा हस्तक म्हणणाऱ्यांस ह्याहून सरळ उत्तर मिळणें नव्हतें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. त्यासाठीं इब्री लिपीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. इब्री मुळाक्षरें बावीस आहेत, आणि तीं सर्व व्यंजनें आहेत. आपल्या लिपींतून काना, मात्रा, वेलांटी व उकार काढून टाकिले, तर काय होईल पाहा. 'कळ' एवढींच दोन अक्षरें कागदावर राहतील, आणि तो शब्द काळ आहे, कळी आहे, केळी आहे कीं कोळी आहे, हें वाचणारानें मागच्यापुढच्या संबंधावरून व गुरूच्या मुखांतून ऐकलेल्या पाठावरून ठरवावें लागेल. जुने इब्री ग्रंथ असेच लिहिलेले असत. पुढें अक्षरांच्या वर, खालीं व पोटांत बारीक टिंबें व रेघा देऊन स्वर दाखविण्याची रीति निघाली. छापील इब्री पवित्र शास्त्रांत हीं स्वरचिन्हें आढळतात. परंतु सभास्थानांत वाचावयाच्या नियमशास्त्राच्या गुंडाळीवर तीं लिहीत नाहींत.

हीं चिन्हें केव्हां झालीं? सीनाय पर्वतावर मोशेला अक्षरांबरोबरच मिळालीं, निदान एज्रा शास्त्र्यानें तीं दिलीं, असें त्या काळच्या बहुतेक यहूदी लोकांचें ठाम मत होतें. एलीयानें १५३८ सालीं 'मसोरेथ हमसोरेथ' नांवाचें पुस्तक छापिलें, आणि त्यांत त्यानें स्पष्ट लिहिलें कीं, हें मत खरें नाहीं. तालमुद ग्रंथ पूर्ण झाल्यानंतर तिबिर्या येथील शास्त्रपाठकांनीं हीं चिन्हें बसविलीं. त्याचीं कारणें साधीं होतीं. तालमुद हा एवढा मोठा ग्रंथ, पण त्यांत ह्या चिन्हांपैकीं एकाचेंही नांव नाहीं. एखादा शब्द कसा वाचावा ह्याविषयीं जुने गुरु वाद करितात, पण चिन्ह पाहा म्हणजे झालें, असें कोणीच म्हणत नाहीं.

तालमुदांत एक कथा आहे, ती ह्या प्रश्नाच्या अगदीं मर्माची आहे. दावीदाचा सेनापति यवाब यानें अदोमांतील पुरुष तेवढे मारिले व स्त्रिया सोडिल्या. तूं असें कां केलेंस, असें राजानें विचारिलें. तेव्हां तो म्हणाला, अमालेकाविषयींच्या आज्ञेंत 'झाखार' म्हणजे पुरुष असा शब्द आहे. राजा म्हणाला, तो शब्द 'झेखेर' म्हणजे आठवण असा आहे. अक्षरें तींच तीन; स्वर मात्र निराळे. चौकशी करितां निघालें कीं, लहानपणीं गुरूनेंच त्यास चुकीचा पाठ दिला होता. आपल्याकडे 'धरावें' ह्या शब्दांतील 'ध' चा 'मा' होऊन १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा प्राण गेला, अशी लोककथा आहे. तिचीच ही जुनी बहीण होय. कागदावर चिन्हें असतीं, तर यवाबाच्या कथेला जागाच उरली नसती.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. चिन्हें मागाहूनचीं आहेत असें म्हणणारा एलीया, वाचन मागाहूनचें आहे असें मुळींच म्हणत नव्हता. त्याचें मत असें कीं, खरा पाठ गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कानीं, असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, आणि पुढें तो विसरला जाऊं नये म्हणून पाठकांनीं तो चिन्हांत बांधिला. जात्यावरच्या ओव्या आजीपासून नातीकडे येतात. एखाद्यानें त्या काल वहींत उतरून घेतल्या म्हणून ओवी कालची होत नाहीं. त्यानें शास्त्राचा पाया खणला नाहीं. पाया कोणता व त्यावर मागाहून दिलेला गिलावा कोणता, एवढेंच त्यानें दाखविलें. आणि गिलाव्यामुळेंच भिंत टिकली हेंही सांगितलें.

तरीसुद्धां पुष्कळांस तें झोंबलें. त्याच्या मरणानंतर आजारिया देई रोस्सी ह्या यहूदी विद्वानानें त्याचें खंडन लिहिलें. पण आमच्या मंडळ्यांनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट पुढेंच आहे. आरंभीच्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांस ह्या मताचें भय वाटलें नाहीं. चिन्हें मागाहूनचीं आहेत असें लूथर व कॅल्व्हिन हेही मानीत. पुढें रोमन कॅथोलिक वादविवादक म्हणूं लागले, "पाहा, तुमच्या शास्त्राचे स्वरसुद्धां मनुष्यांनीं घातलेले, मग मंडळीच्या परंपरेवांचून तुम्ही तें वाचणार कसे?" हें ऐकतांच प्रोटेस्टंट पंडित घाबरले. बासेल येथील योहान बुक्सटॉर्फ यानें १६२० सालीं चिन्हांच्या प्राचीनत्वाचा कैवार घेतला. लुई कापेल ह्या प्रोटेस्टंट विद्वानानेंच १६२४ सालीं एलीयाचें मत अधिक पुरावा देऊन मांडिलें, परंतु पुस्तकावर आपलें नांव घालण्याचें धैर्य त्यास झालें नाहीं. शेवटीं १६७५ सालीं स्वित्झर्लंडांतील मंडळ्यांनीं मतपत्रिका काढून, हीं चिन्हें, निदान त्यांचें सामर्थ्य, देवप्रेरित आहे असें मानणें पाळकांवर बंधनकारक केलें. काळानें मात्र एलीयाची बाजू खरी ठरविली. १९४७ पासून मृत समुद्राच्या कांठच्या गुहांत सांपडलेल्या जुन्या गुंडाळ्यांवर, यशयाच्या संपूर्ण गुंडाळीवरही, हीं स्वरचिन्हें नाहींत. आणि यशयाचा संदेश त्यामुळें रतिभरही उणा झाला नाहीं.

ह्यांतून बोध काय? प्रतिपक्ष आपल्या बोलण्याचा फायदा घेईल ह्या भीतीनें जे सत्य नाकारितात, ते धर्माचें रक्षण करीत नाहींत. आज ना उद्यां ढासळणाऱ्या टेकूवर ते धर्म उभा करितात. टेकू पडला म्हणजे भोळ्या मनुष्यास वाटतें कीं घरच पडलें. आणि तो दोष टेकू काढणाराचा नव्हे. जेथें खडक होता, तेथें टेकू लावणाराचा आहे.

१५४० सालीं, वयाचीं सत्तर वर्षें उलटल्यावर, एलीया आल्प्स पर्वत ओलांडून जर्मनींतील ईस्नी ह्या लहानशा गांवीं गेला. तेथें पाउल फागिउस नांवाचा प्रोटेस्टंट पाळक होता. त्यानें इब्री पुस्तकें छापण्यासाठीं छापखाना घातला होता, आणि एलीयास मदतीस बोलाविलें होतें. १५४१ सालीं तेथें 'तिश्बी' नांवाचा कोश निघाला. एलीया संदेष्टा तिश्बी होता म्हणून हें नांव. आणि त्या नांवाच्या इब्री अक्षरांची बेरीज ७१२ होते, म्हणून कोशांत शब्दही ७१२. त्याच वर्षीं अरामी भाषेचा त्याचा कोश छापून निघाला. गुरु यहूदी, छापणारा प्रोटेस्टंट पाळक. कोणी कोणास बाटविलें नाहीं, आणि कोणी आपला विश्वास झांकूनही ठेविला नाहीं. बासेल येथील सेबास्तियन म्युन्स्टर यानें तर त्याच्या व्याकरणग्रंथांचें लॅटिन भाषांतर करून ते प्रोटेस्टंट विद्यालयांत पोहोंचविले.

ह्या एलीयाची आणखी एक गोष्ट आम्हांस फार गोड वाटते. तो पंडितांचा पंडित होता, पण आपल्या घरच्या स्त्रियांची व साध्या माणसांची जी बोली, म्हणजे यिद्दिश, तिच्यांत त्यानें स्तोत्रसंहितेचें भाषांतर केलें, आणि तें १५४५ सालीं व्हेनिस येथें छापलें. विद्या वर कार्डिनलपर्यंत पोहोंचविणारे पुष्कळ निघतात. तीच विद्या खालीं स्वयंपाकघरापर्यंत नेणारे थोडे. १५४९ सालच्या जानेवारींत व्हेनिस शहरीं तो मरण पावला. त्याचा मित्र फागिउस त्याच वर्षीं इंग्लंडांत केंब्रिज येथें वारला. आणि राणी मेरीच्या कारकीर्दींत, १५५७ सालीं, त्याच्या अस्थि उकरून जाळण्यांत आल्या.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हकीकत चांगली आहे, पण ते रागावलेले रब्बी शेवटीं खोटे ठरले काय? हा आक्षेप टाळून चालणार नाहीं. ज्या लूथरानें इब्री विद्येच्या आधारानें आपल्या लोकांस त्यांच्या भाषेंत जुना करार दिला, त्यानें १५२३ सालीं यहूद्यांविषयीं ममतेनें लिहिलें होतें. पण त्यानेंच १५४३ सालीं त्यांच्याविरुद्ध एक पुस्तक लिहून, त्यांचीं सभास्थानें जाळावीं व त्यांचे ग्रंथ हिरावून घ्यावे, असा सल्ला दिला. तेव्हां एलीया जिवंत होता. तो वारल्यावर चारच वर्षांनीं, १५५३ सालीं, पोपाच्या हुकुमानें रोम शहरांत तालमुदाच्या प्रतींची होळी झाली, आणि लवकरच व्हेनिस येथेंही झाली. ज्या शहरांत त्यानें खर्डे तपासण्यांत डोळे झिजविले, त्याच शहरांत. आणि विसाव्या शतकांत युरोपांत यहूदी लोकांचा जो भयंकर संहार झाला, त्यांत लूथराच्या त्या पुस्तकाचा आधार घेण्यास मारेकऱ्यांस लाज वाटली नाहीं. हीं सत्यें ख्रिस्ती वर्तमानपत्रानें लपवूं नयेत.

तर मग एलीया चुकला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्ञान मिळालें म्हणजे प्रीति आपोआप येते, असें जर तो समजत असेल, तर तेवढ्यापुरती त्याची आशा मोठी होती. कारण प्रेषित पौलानें करिंथकरांस बजाविलेंच आहे कीं, नुसतें ज्ञान मनुष्यास फुगवितें. परंतु गुरूचें कर्तव्य शिष्याच्या कृतघ्नतेनें रद्द होत नाहीं. शेतकरी बीं पेरितो; कांहीं वाटेवर पडतें, कांहीं कांट्यांत पडतें, म्हणून पेरणी हें पाप ठरत नाहीं. दोष शिकविणाराचा नव्हे. शिकून जो विसरला त्याचा आहे. रब्बींस वाटत होती ती भीति खरी होती. पण त्या भीतीवरचा उपाय कुलूप हा नव्हता. कारण न शिकलेला रॉइखलिनही त्या पुस्तकांकरितां कधीं उभा राहिला नसता.

दुसरा कोणी विचारील, तो मनुष्य शेवटपर्यंत ख्रिस्ती झाला नाहीं. मग त्याची स्तुति आपण कां करावी? ह्यास आमचें उत्तर पौलाच्याच शब्दांवर आधारलेलें आहे. देवाचीं वचनें यहूद्यांकडे सोंपविलेलीं होतीं, असें तो रोमकरांस लिहितो. सोंपविणें म्हणजे ठेव देणें. ज्यानें ती ठेव आपल्या जिवापलीकडे जपली, आणि आपल्या लोकांचा राग सोसून ती आमच्या पूर्वींच्या शिक्षकांच्या हातीं दिली, त्याचें ऋण न मानणें म्हणजे ज्या मुळावर कलम लागलें त्या मुळावरच फांदीनें ऐट मिरविणें होय. त्याच्या आत्म्याचा न्याय देव करील. त्याचे उपकार मानणें आम्हांकडे आहे.

हें ऋण दूरच्या देशांपुरतेंच नाहीं. आपल्या कोंकणांत शनिवारीं घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', म्हणजे बेने इस्राएल, शेंकडों वर्षें राहिले. त्यांच्यांत इब्रीचें ज्ञान फार थोडें उरलें होतें. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनीं त्यांच्या उपयोगाकरितां मराठींतून इब्रीचें व्याकरण लिहून १८३२ सालीं मुंबईस प्रसिद्ध केलें. एलीयाच्या काळीं यहूद्यानें ख्रिस्त्यास जें दिलें, तें येथें ख्रिस्त्यानें यहूद्यास थोडेंसें परत केलें. पुढें त्याच समाजांतील योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबई विद्यापीठाचे इब्रीचे परीक्षक झाले, आणि त्यांनीं आपल्या लोकांच्या प्रार्थना मराठींत आणिल्या. आणि केडगांवच्या पंडिता रमाबाई यांनीं इब्री व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. तें त्यांच्या मरणानंतर, १९२४ सालीं, प्रसिद्ध झालें. ज्या देशांत स्त्रीस वेदाक्षर ऐकण्याची बंदी, त्या देशांत एका स्त्रीनें मोशेच्या भाषेंतून मराठींत शास्त्र आणिलें. ठेव अशी हातोहात चालत येते.

आतां आमच्या उपदेशक बंधूंस दोन शब्द. तुम्हांस जें थोडें अधिक कळतें, तें वतन समजूं नका. जो तुमच्या पंथाचा नाहीं, किंवा जो तुमच्या उपासनेस कधींच येणार नाहीं, त्यानें एखाद्या अक्षराचा अर्थ विचारिला, तर तो सांगा. त्याच्याकडून मोबदल्यांत विश्वासाची पावती मागूं नका. ज्यांच्या वाडवडिलांस ओट्याखालीं बसविलें, त्यांनीं तरी नवा ओटा बांधूं नये.

दुसरें असें कीं, अभ्यास करितां करितां एखादी गोष्ट आजवर शिकविली गेली तशी नाहीं, असें तुम्हांस आढळेल. तेव्हां एलीयाची रीति आठवा. त्यानें पुरावा गोळा केला. मग आपल्या नांवानिशीं लिहिलें. जें टिकाऊ होतें तें टिकाऊ आहे असेंही त्याच बैठकींत सांगितलें. आणि शिव्या खाऊनही आपल्या लोकांचें सभास्थान सोडिलें नाहीं. भिन्न मत म्हणजे द्रोह नव्हे. आपल्या लोकांस सत्य न सांगणें हाच पुष्कळ वेळां द्रोह असतो. पण त्याबरोबर हेंही खरें कीं, ज्यानें राजाची जागा बांधवांकरितां नाकारिली, त्याच्याच तोंडीं तें कडू सत्य शोभलें. जो लोकांचें दुःख वांटून घेत नाहीं, त्यानें लोकांच्या चुका मोजण्याची घाई करूं नये.

ज्या देवानें आकाश व पृथ्वी केली, तो सत्यास भीत नाहीं. मग त्याच्या लेंकरांनीं कां भ्यावें? पुढील रविवारीं स्तोत्रसंहिता उघडाल, तेव्हां त्या पानामागें किती हात आहेत, आणि त्यांतील किती हात आपल्या मंडळीबाहेरचे आहेत, ह्याचें क्षणभर स्मरण करा. मग वाचा, आणि ज्यास वाचतां येत नाहीं त्यास शिकवा.